मोहाचं पान, वाघाचं पान

पेट झाली, गाईड मिळाले, आता विषय ठरवायचा आहे. तुमच्यापैकी बरेच जण आत्ता याच टप्प्यावर असतील. मी तिथे होते तेव्हा प्रेझेंटेशनच्या तिसऱ्याच स्लाईडवर मला थांबवलं गेलं. "मोह? तो तर सगळीकडे आहे. काहीतरी दुर्मिळ घ्या ना." समोर बसलेल्यांचा हेतू वाईट नव्हता, आणि मलाही धड उत्तर सुचलं नाही. पुढे विषय मंजूर झाला, पण तो प्रश्न डोक्यात राहिला. त्याचं उत्तर मला लायब्ररीत मिळालं नाही. ते मिळालं धानोरा तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेच्या व्हरांड्यात, पाचवीच्या मुलांना पत्ते शिकवताना.

पत्ते म्हणजे आपले बावन्न पानांचे नव्हेत. जमवायचे, अदलाबदल करायचे आणि त्यातूनच आपला डाव बांधून खेळायचे पत्ते. पोकेमॉनचे असतात तसे. व्हरांड्यावर येण्याआधी या पत्त्यांचा इतिहास थोडा सांगते, कारण तो माहीत नसेल तर त्या दिवशी मुलांनी माझी चूक कशी पकडली हे कळणार नाही.

सुरुवात आपल्याच राज्यातून करू. सावंतवाडीची गंजिफा तुम्ही निदान फोटोत पाहिली असेल. गोल पानं, लाखेचा चकचकीत थर, हाताने रंगवलेले अवतार. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी बारा पानं, म्हणजे एकूण १२० पानं. तीन खेळाडू, प्रत्येकाला चाळीस. दिवसा खेळत असाल तर राम ज्याच्याकडे त्याने सुरुवात करायची, रात्री खेळत असाल तर कृष्ण ज्याच्याकडे त्याने. आणि गंमत अशी की निम्म्या रंगांत दहा मोठा, एक्का लहान. उरलेल्या निम्म्यांत उलट, एक्का मोठा आणि दहा सगळ्यात लहान. हे शिकणाऱ्या पोराचं काय होत असेल विचार करा. खेळाला हुकूम नाही, सगळा भार स्मरणशक्तीवर. कुठलं पान पडलं, कुठलं अजून बाहेर आहे, हे चाळीस पानं हातात धरून लक्षात ठेवायचं.

गंजिफा आपल्याकडे मुघलांबरोबर रुजली. बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे, आणि अकबराच्या बारा रंगांच्या खेळाचं वर्णन अबुल फजलने ‘आईने अकबरी’त केलं आहे. सावंतवाडीत ही कला जवळपास संपत आली होती. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी उरलेल्या जुन्या चितारी कारागिराकडून ती शिकून घेतली, राजवाड्यातच काम सुरू केलं आणि ती टिकली. २०२४ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं.

आपल्या कामाचा मुद्दा वेगळाच आहे. गंजिफेत एकही पान दुर्मिळ नसतं. संच महाग असेल, पण घेतला की पूर्ण मिळतो. राजा मोठा असतो तो नियमाने, कमी छापला म्हणून नव्हे.

पान कमी छापलं म्हणून मौल्यवान, ही कल्पना बाजाराची. १८८० च्या दशकात अमेरिकेत सिगारेटची पाकिटं वाकू नयेत म्हणून आत जाड पुठ्ठ्याचा तुकडा घालत. त्यावर ॲलन अँड गिंटरसारख्या कंपन्यांनी चित्रं छापली: खेळाडू, पक्षी, झेंडे. ओढायचे बाप, जमवायची पोरं. यातलंच एक पान, बेसबॉलपटू होनस वॅगनरचं. १९०९ ते १९११ च्या मालिकेतलं. वॅगनरने आपलं चित्र वापरायला परवानगी दिली नाही म्हणून छपाई थांबली, मोजकी पानं बाहेर गेली. त्यातलं एक २०२२ मध्ये साडेबहात्तर लाख डॉलरला विकलं गेलं. त्या पानाने कुठलाही खेळ खेळता येत नाही. आपल्याकडे हीच हौस काडेपेटीच्या छापांवर भागत होती, आपल्या आईवडिलांना विचारा.

माझ्या लहानपणी, म्हणजे २००३-०४ च्या सुमारास, दोन गोष्टी एकदम आल्या. टीव्हीवर पोकेमॉन आणि चिप्सच्या पाकिटात टॅझो. त्याआधीपासून कुस्तीवाल्यांची ट्रम्प कार्डं होतीच. उंची, वजन, छाती, दंड, किती लढती लढला, किती जिंकला, आणि रँक. बाकी सगळ्यात मोठा आकडा जिंकायचा, रँकमध्ये मात्र लहान. मला ते कुणी समजावून सांगितल्याचं आठवत नाही. चुलत भावाने एकदा माझं पान ओढून घेतलं आणि मला कळलं. गंजिफेतल्या उलट्या रंगांबद्दल वाचलं तेव्हा पहिल्यांदा हेच आठवलं. मुलं नियम ऐकून शिकत नाहीत, पान गमावून शिकतात.

आता मुख्य माणूस. रिचर्ड गारफिल्ड. वडील आर्किटेक्ट, त्यांच्या कामामुळे बालपणाचा काही काळ बांगलादेश आणि नेपाळमध्ये गेलेला. पुढे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात गणितात पीएचडी, विषय कॉम्बिनेटोरिक्स, गाईड हर्बर्ट विल्फ. पीएचडी १९९३ मध्ये पूर्ण झाली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याचा ‘मॅजिक : द गॅदरिंग’ हा खेळ बाजारात आला. (थीसिस लिहिता लिहिता दुसरं काही करू नका असं सांगणाऱ्यांना हे उदाहरण द्यायला हरकत नाही. माझ्या गाईडना मी अजून दिलेलं नाही.) तो विझार्ड्स ऑफ द कोस्ट या छोट्या कंपनीकडे वेगळाच एक बोर्ड गेम घेऊन गेला होता. कंपनीच्या पीटर ॲडकिसनने सांगितलं की तो बनवणं परवडत नाही. पटकन संपेल, खिशात मावेल असं काहीतरी आण. गारफिल्डने आणलेली कल्पना अशी: दोन खेळाडूंकडे एकसारखा संच नसेलच. प्रत्येकाने पाकिटं विकत घ्यायची, त्यात काय निघेल ते नशीब, आणि त्यातून आपापला डाव बांधायचा. पंधरा पानांच्या पाकिटात अकरा साधी, तीन जरा कमी मिळणारी आणि एक दुर्मिळ.

गणितवाल्याच्या डोक्यात यामागे एक गृहीतक होतं. लोक थोडीच पाकिटं घेतील, त्यामुळे फार ताकदवान पानं एका गटात एखाद्याकडेच येतील आणि तोल राहील. गृहीतक चुकलं. पहिल्या छपाईची सव्वीस लाख पानं हातोहात संपली, आणि ज्याच्याकडे पैसा त्याच्याकडे दुर्मिळ पानांचा गठ्ठा. पहिल्या नियमांत पैजेचाही एक प्रकार होता: डाव हरलात की एक पान कायमचं गेलं. तो पुढे बंद झाला.

पण या खेळातली एक गोष्ट जमवणाऱ्यांच्या लक्षात येत नाही, खेळणाऱ्यांच्या येते. बहुतेक ताकदवान पानं टाकायला आधी ‘जमिनी’ची पानं लागतात. जंगल, डोंगर, दलदल, बेट, मैदान. ही सगळ्यात साधी, कुणी अल्बममध्ये न ठेवणारी पानं. ती हातात नसतील तर तुमचं हजारो रुपयांचं पान घेऊन बसून राहा.

पोकेमॉनमध्येही तेच. सातोशी ताजिरी हा टोकियोजवळच्या माचिदाचा, लहानपणी किडे गोळा करणारा मुलगा. ज्या शेतांत आणि तळ्यांकाठी तो किडे पकडायचा तिथे इमारती आल्या. त्या छंदातून त्याने १९९६ च्या फेब्रुवारीत व्हिडिओ गेम आणला, ऑक्टोबरमध्ये पत्ते आले, आणि १९९९ मध्ये इंग्रजी पत्ते अमेरिकेत पोचले. डाव साठ पानांचा, हातात सात, सहा बक्षिसाची पानं पालथी. मूळ ऊर्जेची पानं सोडली तर एका नावाची चारपेक्षा जास्त पानं चालत नाहीत. ऊर्जेची मात्र कितीही. कारण ऊर्जा लावल्याशिवाय पिकाचू हल्ला करू शकत नाही. ऊर्जेचं पान कुणी मित्राला दाखवत फिरत नाही, आणि त्याच्यावाचून काही चालत नाही. तेव्हा अनेक शाळांनी भांडणं आणि फसवाफसवी होते म्हणून हे पत्ते आणायला बंदी घातली. ही भांडणं बहुतेक अदलाबदलीची होती, खेळाची कमी. कितीतरी मुलांनी पत्ते जमवले, डाव मात्र कधी खेळलाच नाही.

इथे एक छोटा पेपर येतो, आणि संशोधनाच्या तयारीत असलेल्यांनी तो वाचावाच. २००२ मध्ये केंब्रिजच्या अँड्र्यू बामफर्ड आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’मध्ये पत्राच्या स्वरूपात तो छापला. विषय: मुलांना खरे प्राणी जास्त ओळखता येतात की पोकेमॉन? ब्रिटनमधली प्राथमिक शाळेतली १०९ मुलं. खऱ्या प्राणी-वनस्पतींची शंभर कार्डं आणि पोकेमॉनची शंभर कार्डं. प्रत्येक मुलाला दोन्ही गठ्ठ्यांतली दहा-दहा दाखवायची आणि नाव विचारायचं. खऱ्या सजीवांची ओळख चार वर्षांच्या मुलांत ३२ टक्के, आठव्या वर्षी ५३ टक्के, त्यानंतर किंचित घसरण. पोकेमॉनची चौथ्या वर्षी ७ टक्के आणि आठव्या वर्षी ७८ टक्के.

डिझाईन बघा किती स्वच्छ आहे. महागडं उपकरण नाही. दोन्ही बाजूंना एकच माध्यम, कार्ड. म्हणजे फरक दिसला तर तो चित्राच्या आकाराचा किंवा प्रश्नाच्या पद्धतीचा नाही. मुलांची क्षमता कमी नाही हेही त्यातच सिद्ध होतं, कारण तीच मुलं दुसऱ्या गठ्ठ्यातली नावं धडाधड सांगतात. मी एम.एस्सी.ला असताना हा पेपर वाचला आणि भारावून गेले. मग सगळ्यांनी करतात तेच केलं: आकडे पाठ केले आणि पेपर नेमकं काय मोजतो हे विचारायचं विसरले.

त्या पेपरमुळे ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या डेव्हिड एनजी यांनी २०१० मध्ये ‘फायलो’ नावाचा खेळ सुरू केला. खऱ्या सजीवांची कार्डं, कुणीही काढावीत, फुकट वापरावीत. त्यात प्राण्यांची कार्डं टेबलावर एकमेकांशेजारी लावत जायची. अधिवास जुळला पाहिजे, आणि खाणाऱ्याला त्याचं अन्न शेजारी मिळालं पाहिजे.

आता व्हरांडा. जुलै महिना, सकाळपासून पाऊस, नाल्याला पूर, माझ्या प्लॉटवर जायचा रस्ता बंद. शाळेतल्या गुरुजींनी सांगितलं, मॅडम, बसा, पोरांना काहीतरी सांगा. माझ्या बॅगेत ऑनलाईन मागवलेला पोकेमॉनचा एक डबा होता. म्हटलं बघू. पत्त्यांवरचा सगळा मजकूर इंग्रजीत, मुलं मराठी माध्यमाची, घरी कुणी माडिया बोलणारी तर कुणी झाडीबोली. मी नियम सांगायला सुरुवात केली आणि पाच मिनिटांत अर्धी पोरं पाऊस बघायला लागली. मग गप्प बसले. दोन छोटे डाव केले, तीस-तीस पानांचे, बक्षिसाची तीनच पानं, आणि सगळी पानं उघडी ठेवून एका मुलीबरोबर खेळायला लागले. चुकलं की पान जातं, एवढंच. तिसऱ्या डावात ती मला हरवत होती आणि मागची पोरं तिला सांगत होती कुठलं पान टाक. मजकूर कुणालाच वाचता येत नव्हता. रंग आणि आकडे पुरले.

दुसऱ्या दिवशीही पाऊस. मग आम्ही जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्यांची आपलीच कार्डं कापली, फायलोच्या धर्तीवर. चित्रं पोरांनी काढली, गुण मी दिले. साहजिकच, दुर्मिळतेप्रमाणे. वाघ १०. रानम्हैस १०, कारण राज्यात ती उरलीय ती आपल्याच जिल्ह्याच्या दक्षिणेला, कोलामार्काच्या जंगलात, आणि त्या जंगलाला २०१३ मध्ये संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. गिधाड ९. ते का कमी झालं हे मुलांना सांगितलं: गुरांना दिलेलं डायक्लोफिनॅक हे दुखण्यावरचं औषध मेलेल्या जनावरातून गिधाडाच्या पोटात जायचं आणि त्याची किडनी निकामी व्हायची, जनावरांसाठी ते औषध २००६ मध्ये बंद झालं. अस्वल ७, सांबर ५, चितळ ४, साग ३, बांबू २. मोह २.

पहिल्या अर्ध्या तासात सगळी वाघासाठी भांडली. मग खेळ सुरू झाला आणि वाघवाला पोरगा अडकला. वाघ लावायला शेजारी सांबर किंवा चितळ हवं. चितळ लावायला झाड किंवा गवत हवं. तो हातात दहा गुण धरून बसलेला, आणि समोरच्या मुलीकडे मोहाची तीन पानं. तिने एक लावलं, त्याला अस्वल जोडलं. दुसरं लावलं, त्याला चितळ. तिसऱ्याला वटवाघूळ आणि मधमाशी. एका मोहाभोवती चारही बाजूंना पानं.

मुलगा म्हणाला, एक मोह दे, मी वाघ देतो. सगळा व्हरांडा थांबला. दोनाच्या बदल्यात दहा!

ती म्हणाली, "कायले देऊ? मोह नसला त मी पान कोनाजवळ लावू?"

आणि मग माझ्याकडे वळून, "ताई, मोहाले दोनच गुण कायले देल्ले?"

मी म्हटलं, कारण तो सगळीकडे आहे. बोलून झाल्यावर लक्षात आलं की हे वाक्य मी कुठे ऐकलं होतं.

त्या संध्याकाळी बामफर्डचा पेपर परत उघडला. तो मोजतो नाव. कार्ड दाखवलं, नाव सांगितलं, एक गुण. म्हणजे जमवणाऱ्याचं ज्ञान. त्यात चूक काही नाही, लेखकांनी तेवढंच म्हटलं आहे. जास्तीचा अर्थ मी काढला होता. पण व्हरांड्यातल्या मुलीला जे माहीत होतं ते त्या चाचणीत आलंच नसतं. मोह कशाकशाला जोडलेला आहे हे नाव विचारून कळत नाही, खेळ लावून कळतं. आणि नाव विचारायचंच तर कुठल्या भाषेतलं बरोबर धरायचं? माझ्या व्हरांड्यात एका पानाला तीन नावं येत होती. तुम्ही प्रश्नावली बनवणार असाल तर हे आत्ताच लिहून ठेवा. माझी पहिली प्रश्नावली याच कारणाने फुकट गेली.

(ही एक दुपार होती, अभ्यास नाही. बारा-चौदा मुलं, कंट्रोल नाही, गुण देणारी मीच. यावरून गडचिरोलीतल्या मुलांबद्दल काही सिद्ध होत नाही.)

माझ्यापुरतं मात्र एक गणित सुटलं. संशोधनातही जमवणाऱ्यांची किंमत चालते. वाघावर प्रकल्प मिळतात, मिळायलाच हवेत. ताडोबा १९५५ पासून राष्ट्रीय उद्यान आहे आणि त्यामुळे किती जंगल वाचलं हे चंद्रपूरच्या माणसाला सांगायला नको. पण मोह, ऐन, धावडा ही ऊर्जेची पानं. ती आहेतच असं सगळे धरून चालतात. आता मी मोहाचं काय मोजते ते सांगते. मोठी झाडं मोजायला बसलात तर दिवस पुरत नाही. बोटाएवढ्या जाडीची रोपं शोधायला निघालात तर दिवस फुकट जातो. मोहाचं बी जूनच्या सुमारास पडतं आणि फार दिवस टिकत नाही, लगेच रुजलं तर रुजलं. त्यातल्या टोळ्या लोक तेलासाठी वेचतात. मार्च-एप्रिलमध्ये फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळतात, त्यात लहान रोपं जातात. उरलेली गुरं खातात. घरची चूल ज्या झाडावर चालते त्याच्याखाली माणूस हे करतो, त्याच्याकडे दुसरा सोपा मार्ग नाही म्हणून. झाड मात्र शंभर वर्षं जगतं, त्यामुळे जंगल भरलेलं दिसतं. म्हणजे मोह सगळीकडे आहे, आणि मोहाचं पोर जवळपास कुठेच नाही. तिसऱ्या स्लाईडवर मला हे सांगता यायला हवं होतं.

ऑगस्टमध्ये परत गेले तेव्हा मी मोहाची दोन कार्डं केली, मोठ्या झाडाचं एक आणि रोपट्याचं एक. गुणांची जागा रिकामी ठेवली आणि तुम्हीच ठरवा म्हटलं. मोठ्या झाडाला त्यांनी आठ दिले, फार वाद न घालता. रोपट्यावर मात्र भांडण झालं. वाघवाला पोरगा म्हणे दहा, कारण दिसतच नाही. ती मुलगी म्हणे शून्य, कारण रोपट्याला अजून काहीच जोडता येत नाही, ना अस्वल, ना मधमाशी. मग मधेच एकाने सुचवलं की रोपट्याचं पान तीन डाव टेबलावर टिकलं, कुणी आगीचं पान टाकलं नाही, तर ते उलटून मोठं झाड करायचं. आगीचं पान आमच्या संचात नव्हतंच. ते त्यांनी तिथेच कापलं, लाल खडूने रंगवलं, आणि मला विचारलं की आग कोण लावणार, माणूस की वीज.